मोहरीएवढ्या घटकांचें डाखकाम

पनवेल हें गांव एके काळीं गाड्यांच्या चाकांसाठीं प्रसिद्ध होतें. येथें बनलेल्या चाकाचा एखादा आरा मोडला, तर सुतार तेवढाच आरा बदलून देई. सबंध चाक टाकून द्यावें ही कल्पनाहि कोणाच्या मनाला शिवत नसे. तें गांव आतां शहर झालें आहे. २०१६ सालीं तेथें महानगरपालिका आली, आणि बैलगाडीच्या जागीं घराघरांतून विजेवर व बॅटरीवर चालणारीं लहानमोठीं उपकरणें आलीं. त्यांपैकीं एखादें बंद पडलें म्हणजे दुकानदार तें उघडतो, क्षणभर आंत पाहतो, आणि ‘बोर्ड गेला’ एवढे दोन शब्द उच्चारून नवें घेण्याचा सल्ला देतो. पुष्कळ वेळां सबंध बोर्ड गेलेला नसतो. त्यावरील एखादा आरा तेवढा मोडलेला असतो. मात्र हा आरा मोहरीच्या दाण्याएवढा असतो, आणि इतक्या बारीक वस्तूला घरांतल्या माणसाच्या हातून डाख लागूं शकेल, ही गोष्ट सुशिक्षितांनाहि असंभवनीय वाटते. ती असंभवनीय नाहीं. हातांतील कसबाहून येथें एका जुन्या नियमाचें ज्ञान अधिक उपयोगीं पडतें. आणि ज्यानें दारांत बसलेला कल्हईवाला पाहिला आहे, त्याला तो नियम निम्मा ठाऊकच आहे.

दोन धातूंना सांधणारा आणि त्यांच्याहून लवकर वितळणारा जो धातु, त्याला जुन्या मराठींत डाख म्हणतात. आजच्या दुकानांत त्यालाच सोल्डर म्हणतात. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या काळच्या रेडिओ-यंत्रांत डाख लावण्याच्या जागा ऐसपैस असत. बोटाच्या पेरांएवढे घटक, आणि त्यांना जोडणाऱ्या जाड तारा. पुढें तांब्याच्या रेषा छापलेले बोर्ड आले. घटकांचे तारेचे पाय बोर्डाच्या भोंकांतून पलीकडे काढावयाचे व मागील बाजूस डाख लावावयाचा, अशी रीत पडली. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील आय. बी. एम. या कंपनीनें पाय व भोंकें दोन्ही वगळून घटक बोर्डाच्या पृष्ठावरच बसविण्याची पद्धति विकसित केली, आणि १९८० नंतर ती हळूहळू सर्वत्र पसरली. घटकाच्या दोन टोंकांना धातूच्या टोप्या असतात. बोर्डावर त्यांच्यासाठीं तांब्याच्या दोन टिकल्या असतात. टोपी टिकलीवर ठेवून तेथेंच डाख लावला कीं काम झालें. यंत्रें आकारानें लहान झालीं, स्वस्त झालीं. पण त्याबरोबरच सामान्य मनुष्याचा हात त्यांपासून दूर गेला.

या घटकांचीं मापें चार अंकांनीं सांगतात. पहिले दोन अंक लांबीचे व पुढचे दोन रुंदीचे, आणि परिमाण इंचाचा शंभरावा भाग. १२०६ या मापाचा घटक सुमारें ३.२ मिलिमीटर लांब व १.६ मिलिमीटर रुंद, म्हणजे तिळाएवढा होय. ०८०५ म्हणजे २ मिलिमीटर लांबीचा. ०६०३ म्हणजे १.६ मिलिमीटर लांबीचा, मोहरीएवढा. आणि ०४०२ हा जेमतेम १ मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याशीं तुलना करावी असा. घरीं शिकणाराने तिळापासून आरंभ करावा, मोहरीपर्यंत यावें, आणि खसखस पुष्कळ सरावानंतर हातीं घ्यावी.

आतां त्या जुन्या नियमाकडे वळूं या. कल्हईवाला तांब्याचें किंवा पितळेचें भांडें निखाऱ्यांवर तापवितो, त्यावर नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानें तें कथील तो सर्वत्र फिरवितो. पाहणारास वाटतें कीं, चकाकी कथलामुळें आली. ती कथलामुळें आली हें खरें. परंतु कथील धरलें तें नवसागरामुळें. तापलेल्या तांब्यावर हवेंतील प्राणवायूच्या योगानें मळकट थर सांचतो, आणि त्या थराला वितळलेलें कथील शिवतहि नाहीं. अळवाच्या पानावरील पाण्याप्रमाणें तें गोळा होऊन घरंगळतें. नवसागर तापला कीं त्यांतून निघणारें आम्ल तो थर काढून टाकतें, तांबें उघडें पडतें, आणि तत्क्षणीं कथील त्यावर पसरतें. हें पसरणें म्हणजे नुसतें चिकटणें नव्हे. कथील व तांबें जेथें भेटतात तेथें दोघांच्या संयोगाचा एक अत्यंत पातळ थर तयार होतो. सांधा पक्का होतो तो याच थरामुळें.

मोहरीएवढ्या घटकाचा सांधा याच तीन गोष्टींनीं होतो: स्वच्छ पृष्ठ, पुरेशी उष्णता आणि वितळलेलें कथील. फरक इतकाच कीं, नवसागर येथें वापरूं नये. त्याचा अवशेष दमट हवेंत तांबें खातो, आणि पनवेलसारख्या खाडीकाठच्या, पावसाळ्यांत चार महिने ओल न सोडणाऱ्या गांवीं तर असा सांधा थोड्याच काळांत हिरवा पडेल. पत्र्याचें काम करणारे जें आम्ल वापरतात, तेंहि याच कारणास्तव वर्ज्य. येथें उपयोगाची वस्तु म्हणजे चिडाच्या झाडाची राळ. राळ थंड असतां निरुपद्रवी असते आणि तापली म्हणजे सौम्य आम्लाचें काम करते. दुकानांत जी फ्लक्स मिळते, तिचे विजेच्या कामासाठीं बनविलेले पुष्कळ प्रकार या राळेवरच आधारलेले असतात. नवशिक्याचे बहुतेक सांधे बिघडतात ते हात कांपतो म्हणून नव्हे, तर फ्लक्स लावण्यांत कंजुषी होते म्हणून.

याला जोडून दुसरी एक गोष्ट आहे, आणि तिच्यामुळेंच हें काम मनुष्याच्या आटोक्यांत येतें. ती म्हणजे पृष्ठताण. पाण्याचा थेंब गोल राहतो तो ज्या ओढीमुळें, ती ओढ वितळलेल्या डाखांत पाण्याच्या सुमारें सहा-सात पट असते. घटक एवढा हलका असतो कीं, दोन्ही टोंकांचा डाख एकाच वेळीं वितळलेला असल्यास ही ओढ त्याला आपण होऊन टिकल्यांच्या मध्यावर आणून बसविते. माणसानें त्याला केसाच्या रुंदीपर्यंत अचूक ठेवण्याची गरज नसते. जवळपास ठेवला कीं उरलेलें काम धातु करतो. अर्थात् हीच ओढ उलटहि वागते. एका टोंकाचा डाख आधीं वितळला आणि दुसऱ्याचा गोठलेलाच राहिला, तर घटक एका टोंकावर ताडकन् उभा राहतो, गांवाच्या वेशीवरील वीरगळासारखा. त्याचें कारण कळलें म्हणजे उपायहि कळतो: दोन्ही बाजूंना उष्णता सारखी पोंचली पाहिजे.

साहित्य फारसें लागत नाहीं. उष्णतामान कमीजास्त करतां येईल असें सोल्डरिंग आयर्न, अर्ध्या मिलिमीटरची सोल्डरची तार, फ्लक्स, बारीक टोंकाचा चिमटा, तीन ते पांच पट मोठें दाखविणारें भिंग, जादा डाख शोषून घेणारी तांब्याच्या तारांची वेणी, आणि विद्युन्मापनाचा मल्टिमीटर. हें सर्व मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर मिळतें, आणि आतां टपालानें घरपोंचहि मागवितां येतें. आयर्नचें टोंक सुईसारखें अणकुचीदार घ्यावें असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. सुईच्या अणीतून उष्णता जात नाहीं. काम करणारा मग अधिक वेळ टेकवून ठेवतो, आणि अखेर बोर्डावरील टिकलीच उखडून येते. दोन मिलिमीटर रुंदीचें, पटाशीच्या पात्यासारखें चपटें टोंक या कामाला उत्तम.

६३ भाग कथील व ३७ भाग शिसें यांचा डाख १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतो. नुसतें कथील २३२ अंशांना आणि नुसतें शिसें ३२७ अंशांना वितळतें, हें लक्षांत घेतां मिश्रणाचा हा गुण नवलाचाच म्हटला पाहिजे. शिसें विषारी असल्यामुळें युरोपीय संघानें १ जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत्-उपकरणांत त्यावर निर्बंध घातले, आणि तेव्हांपासून कारखान्यांत बहुधा कथील, थोडें रुपें व किंचित् तांबें यांचा डाख वापरतात. तो २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळतो. जुन्या डाखासाठीं आयर्नचें टोंक ३२० ते ३५० अंशांवर ठेवावें, नव्यासाठीं तीसएक अंश अधिक.

प्रत्यक्ष कृति अशी. बोर्ड मेजावर घट्ट बसवावा आणि दोन्ही मनगटें मेजाला टेकवावीं. मनगट टेकलें म्हणजे साठीच्या माणसाचा हातहि पुरेसा स्थिर राहतो. खाली पांढरी थाळी किंवा पांढरा कागद असावा, कारण चिमट्यांतून उडालेला घटक काळसर फरशीवर पुन्हा दिसत नाहीं. दोन्ही टिकल्यांना फ्लक्स लावावी. एका टिकलीवर डाखाचा लहानसा फुगवटा करून घ्यावा. मग चिमट्यानें घटक धरून, त्या फुगवट्याला आयर्न टेकवावें, आणि डाख वितळतांच घटक बाजूनें सरकवीत त्यांत न्यावा. आयर्न उचलावें, परंतु चिमटा आणखी दोन क्षण सोडूं नये. आतां घटक एका टोंकानें बसला. दुसऱ्या टिकलीला व टोपीला एकाच वेळीं आयर्न लावून तार टेकवावी. शेवटीं पहिल्या टोंकाला पुन्हा किंचित् फ्लक्स लावून तो सांधा एकदां नव्यानें वितळवावा, म्हणजे घाईंत झालेला पहिला सांधाहि नीट बसतो. प्रत्येक सांध्यास एक ते तीन सेकंद पुरतात. अधिक वेळ उष्णता दिल्यास कथील व तांबें यांच्या संयोगाचा थर जाड होऊन ठिसूळ बनतो, आणि चिनी मातीच्या जातीचे कपॅसिटर आंतल्या आंत तडकतात.

अनेक पायांच्या चिपची गोष्ट थोडी निराळी. तिचे पाय कांहीं प्रकारांत सव्वा मिलिमीटरच्या, तर कांहींत अवघ्या अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरानें असतात. प्रत्येक पायाला स्वतंत्र डाख लावूं गेल्यास मनुष्य वेडा होईल. यासाठीं प्रथम समोरासमोरचे दोन कोंपरे पक्के करावे, भिंगांतून सर्व पाय आपापल्या टिकलीवर आहेत हें पाहावें, मग सबंध रांगेवर भरपूर फ्लक्स घालून डाखाचा थेंब घेतलेलें टोंक एका बाजूनें दुसरीकडे संथपणें ओढीत न्यावें. डाख पायांना व टिकल्यांना धरतो, मधल्या हिरव्या लेपाला धरत नाहीं. तरीहि दोन पायांत पूल राहिलाच, तर तांब्याची वेणी त्यावर ठेवून आयर्न टेकवावें. जादा डाख वेणींत चढतो, दिव्यांतील तेल वातींत चढावें तसा.

दुरुस्तींत जुना घटक काढण्याचें कामहि येतें. दोन्ही टोंकांवर ताजा डाख अधिक घालावा, म्हणजे त्यांत उष्णता जास्त वेळ टिकते. मग टोंकें आळीपाळीनें झपाट्यानें तापवून घटक बाजूला सरकवावा. तो उपटूं नये. नवा बसविण्यापूर्वीं त्याची ओळख पटविणें अवश्य आहे. रेझिस्टरवर १०३ असें असल्यास दहावर तीन शून्यें, म्हणजे दहा हजार ओहम असें समजावें. ४७२ म्हणजे चार हजार सातशें. डायोडवरील पट्टा ऋण बाजू दाखवितो, पण टँटॅलम कपॅसिटरवरचा पट्टा धन बाजू दाखवितो. हा भेद जो विसरेल त्याचा कपॅसिटर धूर सोडून आठवण करून देईल.

कोंकणांतील पावसाळा या कामाचा शत्रु आहे, पण त्याच्याशीं तह करतां येतो. कांहीं चिपांचें प्लॅस्टिकचें आवरण हवेंतील ओल शोषून घेतें. असा घटक एकदम तापला कीं आंतली वाफ त्याला लाहीसारखा फोडते. म्हणून त्या बंद पाकिटांतून येतात, आणि पाकीट कामाच्या वेळींच उघडावें. डाखाची भुकटी व फ्लक्स यांचा जो मलम मिळतो तो थंड जागीं ठेवावा लागतो; पण घरांतील दूधभाजीच्या शेजारीं त्याला जागा देऊं नये, आणि डबी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या उष्णतामानाला येईपर्यंत उघडूं नये. थंड पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसा तो मलमालाहि आंतून फुटतो. काम झाल्यावर फ्लक्सचा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून काढावा. हा द्रव चटकन् पेट घेतो; तेव्हां आयर्न बंद करून तें थंड झाल्यावरच बाटली उघडावी.

हें सर्व पुस्तकी नाहीं, याची साक्ष पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें मिळते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रमाची स्थापना केली. शाळेंत ज्यांचें मन रमलें नाहीं अशा ग्रामीण मुलांना हातांनीं काम करीत शिकवावयाचें, हा त्यांचा संकल्प होता. २००२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यासंस्थेच्या सहकार्यानें तेथें फॅब लॅब नांवाची कार्यशाळा उभी राहिली. अशा कार्यशाळांत तांब्याचा पत्रा बसविलेला बोर्ड लहानशा यंत्रानें कोरतात आणि त्यावर पायांवांचूनचे घटक हातानेंच डाख लावून बसवितात. भोंकें पाडावीं लागत नाहींत, म्हणून ही पद्धति उलट सोपी पडते. कारखान्यांतील अजस्र यंत्रें ज्या घटकांसाठीं उभारलीं गेलीं, तेच घटक विद्यार्थ्यांच्या हातीं येऊन शिकण्याचें साधन बनले आहेत.

सांधा झाला म्हणजे परीक्षा घ्यावी. चांगला सांधा आंत वळलेल्या उताराचा असतो. डाख टिकलीपासून टोपीपर्यंत नितळ चढलेला दिसतो. शिशाचा डाख चकाकतो. बिनशिशाचा थोडा मंद दिसला तरी तो दोष नव्हे. गोळ्यासारखा फुगलेला, कडेला न धरलेला सांधा मात्र खोटा. तो आज चालेल आणि उद्यां दगा देईल. मग मल्टिमीटर घेऊन वीज येण्याची व परत जाण्याची वाट एकमेकींना चुकून जोडलेल्या नाहींत, हें पाहावें. तोंवर बॅटरी लावूं नये.

कांहीं मर्यादा पाळल्याच पाहिजेत. शिसें डाखाच्या उष्णतामानाला वाफ होऊन फारसें उडत नाहीं. तें शरीरांत जातें तें बोटांवरून तोंडांत. म्हणून हें काम जेवणाच्या मेजावर किंवा स्वयंपाकाच्या ओट्यावर करूं नये, करतांना कांहीं खाऊं नये, आणि उठल्यावर साबणानें हात धुवावे. डाखाचे कण लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. राळेचा धूर छातीला अपायकारक असून त्यानें दमा जडूं शकतो. खिडकी उघडी ठेवून लहान पंख्यानें तो बाहेर घालवावा, मात्र वारा थेट सांध्यावर येऊं देऊं नये. घरगुती विजेवर थेट चालणारे भाग, मायक्रोवेव्ह भट्टी, आणि फुगलेली लिथियम बॅटरी यांना नवशिक्यानें हात लावूं नये. यांपैकीं पहिल्या दोहोंत प्लग काढल्यावरहि प्राणघातक विद्युत् सांचून राहूं शकते, आणि तिसरी पेट घेते. ज्या चिपांचे सांधे पोटाखालीं दडलेले असतात, त्या आयर्ननें बसत नाहींत. त्या जाणत्या कारागिराकडेच द्याव्या. सरावाचा स्वस्त बोर्ड, मग खेळणें, विजेरी, छोटा रेडिओ, रिमोट, हाच क्रम हितावह आहे.

एवढा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. दोन-चार रुपयांच्या घटकासाठीं तासभर बसावें, त्यापेक्षां नवी वस्तु आणलेली काय वाईट? परंतु टाकलेली वस्तु घराबाहेर गेली तरी जगाबाहेर जात नाहीं. तिच्यांतील तांबें, कथील, शिसें कोणाच्या तरी उकिरड्यावर जाऊन पडतें, आणि तेथें तारा जाळून तांबें काढणाराच्या छातींत धूर जातो. या कचऱ्यासंबंधीं भारत सरकारचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांत उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. आणि त्यापूर्वीं २०२२ सालींच ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं केंद्राच्या ग्राहक-व्यवहार विभागानें समिती नेमली. पण हक्क कागदावर मिळाला, तरी तो बजावावयास हात लागतो. सर्वच घरांनीं आयर्न हातीं घ्यावें असें नाहीं. इमारतींत एकाला जरी हें काम येत असलें, तरी त्या इमारतींतील माणसें ‘बोर्ड गेला’ हा निकाल मुकाट्यानें स्वीकारणार नाहींत. ‘बोर्डावरचें नेमकें काय गेलें?’ असें तीं विचारतील. दुरुस्तीला प्रारंभ होतो तो या प्रश्नापासूनच.